नेब्रास्काचं नाव सातबाऱ्यावरून कमी करायला निघालेल्या टीव्हीवाल्या तज्ज्ञांना खुलं पत्र

तज्ज्ञ मंडळी, नमस्कार.

तुमच्यापैकी कोणाला मराठी येत नसणार हे माहितीय, तरी मराठीतच लिहितोय, कारण इंग्रजीत भांडायला लागलो की मी उगाचच सभ्य होतो.

दर वर्षी ऑगस्ट आला, सीझन सुरू व्हायला दोन आठवडे उरले आणि तुमच्याकडे दाखवायला एकही मॅच नसली की तुम्ही चौघं टाय लावून बसता आणि तोच विषय काढता, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधली खरी खानदानी घराणी कुठली, तुमच्या भाषेत ब्लू ब्लड. यादी तशी पाठच आहे सगळ्यांना. अलाबामा, ओहायो स्टेट, मिशिगन, नोटर डेम, ओक्लाहोमा, टेक्सस, यूएससी (म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया), आणि मग आठवं नाव येतं आणि तुमच्यातला एकजण हसतो. नेब्रास्का. मग पाच मिनिटं तुम्ही त्यांची पडझड मोजता, दुसरा म्हणतो आता यांना काढा आणि क्लेमसनला घ्या, तिसरा म्हणतो जॉर्जियाला घ्या, आणि तेवढ्यात जाहिराती लागतात. तलाठ्यानं चहा पिता पिता फेरफार मारावा तसं चाललंय हे. म्हणून हा हरकतीचा अर्ज समजा.

माझा संबंध काय ते आधी सांगतो. मी मूळचा मिरजेचा. ऑगस्ट २००१ मध्ये मास्टर्स करायला नेब्रास्कातल्या लिंकनला उतरलो तेव्हा मला फुटबॉल म्हणजे कोल्हापूरचा माहीत होता, शाहू स्टेडियमवरचा. हा हेल्मेट घालून आदळण्याचा खेळ बघून पहिले दोन शनिवार मी फक्त शेजाऱ्यांकडे बघून टाळ्या वाजवल्या. पण ते शनिवार काय सांगू तुम्हाला, अख्खं गाव लाल, ओमाहाहून येणारा हायवे लाल, आज्ज्या लाल स्वेटर घालून, तान्ही पोरं लाल टोपड्यात, आणि स्टेडियम भरलं की ते राज्यातलं तिसऱ्या नंबरचं शहर होतं असं तिथला प्रत्येकजण तुम्हाला पहिल्या भेटीतच ऐकवतो (ओमाहा, लिंकन आणि मग हे). समोरची टीम जिंकून परत जायला लागली तरी लोक उभं राहून टाळ्या वाजवतात हे मी तिथं पहिल्यांदा बघितलं. वानखेडेवर असं झालं तर पेपरात बातमी येईल.

आणि ते वर्षही कसलं मिळालं मला. २७ ऑक्टोबरला ओक्लाहोमाविरुद्ध आमचा क्वार्टरबॅक एरिक क्राऊच, जो बॉल फेकणारा माणूस, त्यानंच धावत जाऊन कॅच घेतला आणि टचडाऊन केला, २०-१० नं जिंकलो, सिमेंटची पायरी पायाखाली हलत होती. ११ मॅच, ११ विजय. मग थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी कोलोरॅडोनं ६२-३६ असं धुतलं. संपलं म्हणून सगळे घरी गेले, तर त्या काळी फायनलमधल्या दोन टीम काढायचा जो हिशोब होता त्यात कॉम्प्युटरचं गणितही धरायचे आणि त्या गणितानं आम्हाला थेट फायनलमध्ये ढकललं. पत्रकार आणि कोच दोघांच्या मतदानात आम्ही चौथे, कॉन्फरन्सचं, म्हणजे आपल्या गटाचं, विजेतेपदसुद्धा नाही, आणि तरी फायनल. आमच्यामुळे जागा हुकलेले ओरेगॉनवाले अजून त्यावरून बोलतात आणि त्यांचं बरोबर आहे. ३ जानेवारी २००२ ला रोझ बोलमध्ये (बोल म्हणजे सीझन संपल्यावरचे मानाचे सामने) मायामीनं ३७-१४ नं आमचा चेंदा केला. मला वाटलं ठीक आहे, पुढच्या वर्षी परत येऊ. नवीन माणूस होतो, मला वाटायचं हे दर वर्षीच असतं.

त्या फायनलवर परत येतो, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा खुंटा तिथं आहे.

आमच्या मिरजेत सतारी बनवणाऱ्यांची गल्ली आहे. माझे काका रिटायर झाल्यापासून तिथल्या एका दुकानात नुसते बसायला जायचे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, दर्ग्यात त्यांच्या नावानं दर वर्षी गाणं होतं, त्यामुळे घराणं या विषयावर आमच्याकडे दुधवालासुद्धा मत देतो. काकांचं मत एका ओळीचं. घराणं म्हणायचं तर तीन पिढ्या पाहिजेत. एक माणूस मोठा झाला तर तो कलावंत, त्याचा शिष्य मोठा झाला तर ती तालीम, आणि शिष्याचा शिष्यही त्याच ताकदीचा निघाला तर मग घराणं. हे तेच बोलले असं नाही, जुने जाणकार असंच मोजतात.

तर आता हाच गज घेऊन तुमची यादी मोजूया. पिढी म्हणजे कोच, आणि नापास-पास ठरणार राष्ट्रीय विजेतेपदावर, वेगवेगळ्या काळातल्या तीन वेगवेगळ्या कोचनी मिळवलेलं. (इथं बऱ्याच वाचकांना सांगायला पाहिजे की या खेळात बहुतेक इतिहासभर विजेतेपद हे मतदानानं मिळायचं, १९३६ पासून एपी या वृत्तसंस्थेचे पत्रकार मतं देतात आणि पहिला नंबर म्हणजे चॅम्पियन. चार टीमचा प्लेऑफ २०१४ च्या सीझनला आला, बारा टीमचा २०२४ ला. म्हणजे शंभर वर्षं रणजी ट्रॉफीचा विजेता क्रीडा पत्रकारांनी बसून ठरवावा असा प्रकार. त्यामुळे कोणाची किती विजेतेपदं यावर दोन माणसांचं एकमत होत नाही.)

नोटर डेम, रॉकनी, लेही, पार्सेगियन, डिव्हाईन, होल्ट्झ, पाच पिढ्या. १९८८ नंतर कपाट रिकामं आहे पण घराणं आहे. अलाबामात ब्रायंट, स्टॉलिंग्ज, सेबन आणि त्यांच्या आधीचेही. यूएससीत हॉवर्ड जोन्स, मॅके, रॉबिन्सन, कॅरल. ओक्लाहोमात विल्किन्सन, स्वित्झर, स्टूप्स, बरोबर तीन, एकही जास्त नाही पण तीनही लखलखीत, विल्किन्सनच्या पोरांनी तर १९५३ ते ५७ सलग ४७ मॅच जिंकल्या. ओहायो स्टेटचं सांगायलाच नको, सध्या मी त्यांच्याच गावात, कोलंबसला, राहतो आणि रोजच ऐकतो. मिशिगनबद्दल इथं चांगलं बोलणं धोक्याचं आहे पण हजार विजय गाठणारी पहिली टीम तीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये.

आता टेक्सस. १९६३, १९६९, १९७० डॅरेल रॉयल. २००५ मॅक ब्राऊन. झालं. दोन. मधे १९७७ ला फ्रेड एकर्स पहिल्या नंबरावर ११-० नं फायनलच्या तोडीच्या कॉटन बोलमध्ये गेले आणि नोटर डेमनं ३८-१० नं घरी पाठवलं. ती मॅच जिंकले असते तर तीन झाल्या असत्या.

आणि नेब्रास्का. १९७० आणि ७१ बॉब डेव्हेनी. १९९४, ९५ आणि ९७ टॉम ऑस्बोर्न, डेव्हेनीचाच असिस्टंट. दोन.

हो. माझ्याच काकांच्या गजानं माझंच घराणं नापास होतं. हे मला कधी कळलं सांगू, गेल्या वर्षी हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना, आणि मी फावडं टेकून उभाच राहिलो. कारण २००१ चा आमचा कोच होता फ्रँक सोलिच. सोलिच पोरगा असताना डेव्हेनीच्या टीममधून खेळला, मग ऑस्बोर्नच्या हाताखाली वर्षानुवर्षं असिस्टंट राहिला, आणि मग गादीवर आला. शिष्याचा शिष्य. तिसरी पिढी. आणि ३ जानेवारी २००२ ला तो घराणं होण्यापासून नेमकी एक मॅच लांब होता. मी ती मॅच मैत्रिणीच्या अपार्टमेंटमध्ये पोहे खात बघितली हो. मला वाटलं फायनल हरतोय.

आणि पुढे काय केलं आमच्या लोकांनी? दोन वर्षांनी, ९-३ असा रेकॉर्ड असताना, सोलिचला काढलं. आम्हाला आणखी मोठं व्हायचं होतं म्हणे. नंतर जो आला त्याच्या पहिल्याच वर्षी ५-६, १९६१ नंतरचा पहिला असा सीझन ज्यात जिंकल्यापेक्षा हरलो जास्त, आणि ३५ वर्षं सलग बोल खेळायची परंपरा तुटली. मग कोचमागून कोच. मग २०११ मध्ये बिग ट्वेल्व्ह ही कॉन्फरन्स सोडून बिग टेनमध्ये गेलो, पैशाच्या दृष्टीनं शहाणपणाचं असेल पण टेक्ससमधली पोरं आपल्याकडे ओढायचा रस्ता त्यात अरुंद झाला, आणि नेब्रास्काला पोरं बाहेरूनच आणावी लागतात, अख्ख्या राज्याची वस्ती जेमतेम वीस लाख, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षाही कमी. २०२१ ला तर कमाल, ३-९, आणि त्या नऊच्या नऊ पराभवांतला एकही नऊपेक्षा जास्त पॉइंटनी नाही. असं हरायलाही कौशल्य लागतं.

तुम्ही स्टुडिओत हे सगळं सांगता, मान्य. पण कारणं सांगत नाही. नेब्रास्का मोठी झाली त्या काळात स्कॉलरशिप किती द्यायच्या याला फारशी मर्यादा नव्हती, १९७३ ला १०५ ची आली, मग ९५, मग नव्वदच्या दशकात ८५. त्यातून मार्ग काढायला नेब्रास्कानं स्वतःच्या खर्चानं येणारी गावाकडची पोरं घेतली, वॉक-ऑन म्हणतात त्यांना, शेतावर वाढलेली धिप्पाड पोरं, आणि १९६९ पासून त्यांना वजनं उचलायला लावायला बॉइड एप्ली नावाचा माणूस पगारावर ठेवला. तेव्हा बाकीचे कोच पोरांनी वजनं उचलली की अंग आखडतं म्हणायचे. पुढं सगळ्यांनीच तसे जिम बांधले. मग १९८४ ला सुप्रीम कोर्टानं टीव्हीचे हक्क एनसीएए या कॉलेज खेळांच्या देशव्यापी संघटनेच्या मुठीतून सोडवले, ज्याला त्याला आपापल्या मॅच विकता यायला लागल्या, आणि ज्याच्याकडे प्रेक्षक जास्त त्याच्याकडे पैसा. आता तर पोरांना थेट पैसे, २०२५ पासून एका कॉलेजला वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर वाटता येतात. वीस लाखांच्या राज्यानं या लिलावात किती टिकायचं?

आता माझी खरी तक्रार ऐका. नेब्रास्का नापास, ठीक. मग त्याच गजानं टेक्सस कसा पास? तुमच्या शोमध्ये टेक्ससला काढा असं मी वीस वर्षांत एकदाही ऐकलं नाही. २०१० ते २०२० या दशकात त्यांचे सीझनच्या सीझन मातीत गेले तरी नाही. का, ते मला माहितीय आणि तुम्हालाही. २०११ ला त्यांच्यासाठी एका टीव्ही कंपनीनं स्वतंत्र चॅनेल काढलं, वीस वर्षांचे तीस कोटी डॉलर. ज्याला चॅनेल काढून दिलं त्याला खानदानी नाही म्हणून कसं चालेल. म्हणजे तुमच्या यादीतलं निळं रक्त हे रक्त नाहीच, टीआरपी आहे. तसं असेल तर तसं लिहा ना वर. "प्रेक्षकसंख्येनुसार" असं लिहा आणि मोकळे व्हा, मग मीही भांडणार नाही. विजेतेपदानं मोजायचं असेल तर नेब्रास्काची पाच आहेत आणि टेक्ससची चार, एवढंच सांगून ठेवतो.

आणि गज लावायचाच तर एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला, आत घ्या. १९५८ डीट्झेल, २००३ सेबन, २००७ माइल्स, २०१९ ऑर्जेरॉन. चार कोच, त्यातले तीन या शतकातले. तुमच्यातला एकही माणूस एलएसयूचं नाव ब्लू ब्लड म्हणून घेत नाही, घेतलं तर "न्यू ब्लड" म्हणतो, पन्नास वर्षांपूर्वी वाडा बांधला त्याला अजून नवीन बिऱ्हाड म्हणायची ही पुणेरी खोड तुम्हाला कुठून लागली कळत नाही. जॉर्जियाही बसते, १९४२, १९८० आणि मग कर्बी स्मार्टची २०२१ आणि २०२२, फक्त १९४२ च्या पाटावर ओहायो स्टेटही बसलंय, एपीचं मतदान त्यांच्या बाजूचं, तेव्हा तिथं थोडी भाऊबंदकी आहे. क्लेमसन नाही बसत. १९८१ ला एक आणि मग स्वीनीची दोन, तिसरा माणूस येऊ दे. मायामीची गंमत वेगळी, १९८३ ते २००१ चार वेगवेगळ्या कोचनी पाच जिंकली, पण सगळी अठरा वर्षांत. ते वादळ होतं. त्या वादळाची सुरुवातही आमच्याच पराभवातून, २ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल, शेवटी ३१-३०, ऑस्बोर्नना साधी किक मारून बरोबरी करता आली असती आणि बहुतेक विजेतेपदही मिळालं असतं, पण त्यांनी दोन पॉइंटसाठी पास टाकायला लावला आणि तो पास एका मायामीवाल्याच्या बोटांना लागून पडला. बरोबरीनं चॅम्पियन व्हायचं नव्हतं त्या माणसाला. ही मॅच हरलेली आहे, तरी लिंकनमध्ये म्हातारे ती अभिमानानं सांगतात.

इंडियानाचं विचारता? मला ती टीम मनापासून आवडली. वर्षानुवर्षं मोठ्या टीममध्ये सगळ्यात जास्त हरण्याचा मान यांच्याकडे, २०२३ ला ३-९, मग सिग्नेटी हा कोच आला आणि २०२५ च्या सीझनला १६-० नं चॅम्पियन. सोळापैकी सोळा याआधी कोणी केलं होतं तर १८९४ साली येलनं. आपल्याकडे विदर्भानं रणजीत केलं तसं, पण विदर्भाकडे आता तीन आहेत. सिग्नेटीनंतरचा, आणि त्याच्यानंतरचा काय करतो ते बघू, मी तोवर नसेन बहुतेक.

येलवरून आठवलं, तुम्ही ज्याला कायमचं म्हणता ते किती कायमचं असतं ते जरा बघा. पहिली मॅच १८६९ ला न्यू जर्सीत, रटगर्सनं प्रिन्स्टनला ६-४ नं हरवलं. पुढची चाळीस वर्षं येल आणि प्रिन्स्टन हेच पेशवे, दोघं मिळून पन्नासच्या वर विजेतेपदांवर हक्क सांगतात. आज त्यांचं नाव तुमच्या कुठल्या यादीत आहे? मिनेसोटा १९३४, ३५, ३६, ४० आणि ४१ चे चॅम्पियन. योगायोग बघा, आपली महाराष्ट्राची टीम देवधरांच्या हाताखाली १९३९-४० आणि १९४०-४१ ला लागोपाठ रणजी जिंकली आणि नंतर पुन्हा एकदाही नाही. मिनेसोटाला निदान १९६० मिळालं.

पण सगळ्यात मला चटका लावतं ते शिकागो. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो. बिग टेनची मूळ सदस्य, कोच एमॉस अलोन्झो स्टॅग, याच युनिव्हर्सिटीचा बर्वेंजर १९३५ ला पहिलीवहिली हाइसमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन गेला. आणि चारच वर्षांनी, १९३९ ला, मिशिगननं ८५-० नं हरवलं आणि युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष हचिन्स यांनी ती टीमच बंद करून टाकली. अभ्यासाची जागा आहे म्हणाले. रिकामं स्टेडियम पडून होतं, तर २ डिसेंबर १९४२ ला त्याच्या गॅलरीखालच्या स्क्वॉश कोर्टमध्ये फर्मी आणि मंडळींनी जगातली पहिली नियंत्रित अणू साखळी अभिक्रिया सुरू करून दाखवली. आता तिथं लायब्ररी आहे. म्हणजे एक खानदानी घराणं बंद पडलं, त्याच्या ओट्याखाली अणुयुग सुरू झालं, आणि तुम्ही मला सांगताय नेब्रास्कानं फार अधोगती केली. आमच्याकडे निदान मॅच होते आणि ती बघायला लोक येतात. १९६२ पासून तिकिटं संपली नाहीत असा एकही घरचा सामना नाही. त्याच स्टेडियममध्ये ऑगस्ट २०२३ ला मुलींची व्हॉलीबॉलची मॅच ठेवली तर ९२,००३ लोक आले.

तर मागणी एवढीच. येत्या ऑगस्टला शो करण्याआधी तुमचा गज काय आहे तो पडद्यावर लिहून दाखवा. तीन पिढ्या म्हणा, विजय म्हणा, हाइसमन म्हणा, प्रेक्षक म्हणा, काहीही. मग नेब्रास्काला काढा, मी चॅनेल बदलणार नाही. पण टेक्ससलाही काढा, त्याच शोमध्ये, त्याच मिनिटाला, आणि काढताना तसंच हसून दाखवा. माझी मुलगी ओहायो स्टेटला आहे, २००४ चा तिचा जन्म, म्हणजे नेब्रास्का कधी भारी होती यावर तिचा विश्वास गणपती दूध पितो यावरच्यापेक्षाही कमी आहे. तिला मी सांगितलंय, हे लोक टेक्ससला काढतील त्या दिवशी बाबा स्वतःच्या हातानं यादीवरून नेब्रास्का खोडेल.

आपला,
कोलंबसमध्ये लाल शर्ट घालून दूध आणायला जाणारा एक मिरजकर

ता. क. अलाबामा जी १८ विजेतेपदं सांगते त्यात १९४१ चं पण एक आहे. त्या वर्षी एपीच्या यादीत अलाबामा विसावी होती आणि पहिली मिनेसोटा. यावर कधी एपिसोड करणार असाल तर आधी कळवा, चिवडा करून ठेवतो.